सर्व्हेचे प्रश्न कुठल्या क्रमाने लावायचे

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीचा सर्व्हे माझ्या गळ्यात पडला. पुण्यात सिंहगड रोडला राहतो, त्यामुळे विषय अर्थातच टँकर. कमिटीने प्रश्न आधीच काढले होते, पहिले चार पाण्याचे, म्हणजे टँकर वेळेवर येतो का, प्रेशर कसं आहे, बिल किती वाढलं वगैरे, आणि पाचवा "एकंदर कारभाराबद्दल किती समाधानी आहात, 1 ते 5". ए विंगमधून सगळे 1 नाहीतर 2. सेक्रेटरी काका भडकले. बी विंगचे फॉर्म जायचे होते, तिथे मी पाचवा प्रश्न उचलून पहिला टाकला, तर 3-4 दिसायला लागले. आता बी विंगला पाण्याचा त्रासच कमी असेल, त्यामुळे हा काही पक्का प्रयोग नाही, पण चार वेळा टँकर टँकर केल्यावर माणूस कारभार म्हणजे टँकरच समजणार ना.

याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे, 1948 चं. रशियासारख्या कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना अमेरिकेत येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का, हे आधी विचारलं तर 36 टक्के हो म्हणाले. पण अमेरिकन पत्रकारांना रशियात जाऊ द्यावं का हे आधी विचारून मग तेच विचारलं तर 73 टक्के. कारण आपल्यासाठी हो म्हटल्यावर त्यांना नाही म्हणायला लाज वाटते!

म्हणून मी काय करते, प्रत्येक प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहिते आणि चिठ्ठ्या जमिनीवर पसरते, स्क्रीनवर हे नीट दिसत नाही. एका विषयाच्या चिठ्ठ्या एकत्र. मग प्रत्येक गठ्ठ्यात एकंदर मताचा प्रश्न वर, बारीकसारीक खाली. आणि प्रत्येक चिठ्ठी उचलून एकच बघायचं, की हिच्या आधीच्या चिठ्ठ्या वाचून आलेला माणूस हिचं उत्तर बदलेल का.

सगळ्यात पहिला प्रश्न सोपा हवा आणि विषयाचाच हवा. नाव, वय, शिक्षण, उत्पन्न यांनी सुरुवात करायची आपल्याकडे फार खोड आहे, सरकारी फॉर्म भरून भरून लागलेली. कॉलेजला असताना कोथरूडमध्ये एका काकूंना दारातच उत्पन्न विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, "बाळा, तू इन्कम टॅक्सवाली का?" आणि दार बंद. तेच वीस मिनिटं गप्पा झाल्यावर शेवटी विचारलं तर लोक सांगतात, आणि नाही सांगितलं तरी बाकीचा फॉर्म हातात असतो. फक्त ठरावीक वयाचेच लोक हवे असतील तर वय आधी विचारावंच लागतं, त्याला इलाज नाही.

गाळणीचे प्रश्न, म्हणजे "मेट्रोने जाता का?" टाइपचे. नाही म्हणणाऱ्याला वनाझ स्टेशनच्या पार्किंगबद्दल विचारू नका, गूगल फॉर्ममध्ये सेक्शन पाडून त्याला पुढे पाठवता येतं. पण यात एक गोम आहे. मेट्रोला हो म्हटलं की सहा प्रश्न, मग बसला हो म्हटलं की परत सहा, हे लक्षात आलं की लोक रिक्षाला सरळ नाही म्हणून मोकळे होतात. म्हणून मेट्रो, बस, रिक्षा तिन्ही हो-नाही आधी एकदम विचारून घ्या, खोलातलं नंतर.

पर्यायांचाही क्रम असतो. स्क्रीनवर किंवा कागदावर वरचे पर्याय जास्त निवडले जातात, फोनवर वाचून दाखवले तर शेवटचे लक्षात राहतात. गूगल फॉर्ममध्ये पर्याय शफल करायची सोय आहे, ती नावांच्या यादीला वापरा, "खूप समाधानी ते अजिबात नाही" ला नको. आणि सेटिंगमधलं प्रश्न शफल करायचं बटण बंदच ठेवा, नाहीतर जमिनीवर बसून केलेली सगळी मेहनत वाया.

शेवटी चार-पाच जणांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा, घरच्यांना नको, ते समजून घेतात. टँकरच्या फॉर्मला शेजारच्या आजी सातव्या प्रश्नावर म्हणाल्या, "हे मघाशी सांगितलं की गं." बघितलं तर तिसरा आणि सातवा खरंच एकच होते, सातवा काढला आणि मगच झेरॉक्सला दिलं.