फाईलला पासवर्ड लावला, पण तो कुणाकुणाला माहीत आहे?

नवी पेठेतल्या टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात मी कामाला लागले, तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पासवर्ड लावल्याशिवाय एकही फाईल मेलवर जाता कामा नये." ते मी आजही पाळते. पण आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी त्याच्या पुढचंही सांगते, कारण तेवढ्याने भागत नाही हे मला एका जुलैत, रिटर्नच्या गर्दीत कळलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं पगारपत्रक होतं. कामगारांची नावं, पॅन, बँक खाती, सगळं त्यात. एक्सेलला पासवर्ड लावला, पत्त्याच्या जागी कारखान्याच्या नावाची चार अक्षरं टाकली, पुढचा पत्ता आपोआप आला आणि मी पाठवून मोकळी झाले. संध्याकाळी फोन आला तो काम सोडून गेलेल्या जुन्या अकाउंटंट काकांचा. कारखान्याच्या नावाने काढलेला तो मेल आयडी त्यांच्याच हातात राहिला होता.

"ताई, फाईल मला आलीय."

"उघडली का काका?"

"उघडली की. पासवर्ड फर्मचा पॅनच आहे ना अजून?"

जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. इथे चार तास उलटले होते. काका डिलीट करतो म्हणाले, मी विश्वास ठेवला. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. एक्सेलचं एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डने फाईलला लागलेलं कुलूप, कुठेच फुटलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. वर्षानुवर्षं एकच पासवर्ड ठेवला, ही चूक आमची.

जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवली तरी तसंच. आठ आकडे म्हणजे मोठा पासवर्ड वाटतो, पण १०० वर्षांत तारखा असतात साधारण ३६,५००. तेवढ्या लावून बघणं कॉम्प्युटरला काही मिनिटांचं काम आहे. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. नाव आपण फाईलवरच लिहितो, मग उरलं काय? फक्त वर्ष. आयकर खात्याच्या एआयएसला, म्हणजे आपल्या वर्षभरातल्या व्यवहारांच्या पत्रकाला, छोट्या लिपीतला पॅन आणि जन्मतारीख लागते. क्लायंटच्या बऱ्याच कागदांवर ते दोन्ही असतं. म्हणून पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफ जशीच्या तशी पुढे पाठवू नका. आपला वेगळा, लांब पासवर्ड लावा आणि तो फोनवर सांगा. त्याच मेलमध्ये तर नाहीच, पाठोपाठच्या मेलमध्येही नाही. मेलबॉक्स ज्याच्या हाती लागेल, त्याला दोन्ही मेल दिसतील.

विषयाच्या ओळीत नाव आणि पॅन लिहायची सवयही मोडा. अटॅचमेंटला पासवर्ड लावला तरी ती ओळ उघडीच राहते. झिप फाईलला पासवर्ड लावला तरी आतल्या फाईलींची नावं बहुतेक वेळा दिसतात.

आणि फाईल पोचल्यावर? एका निवृत्त शिक्षिका काकूंना मी सगळं नियमाने पाठवलं, पासवर्ड फोनवर दिला. आठवड्याने बाइंडिंगसाठी मी झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर तिथल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये काकूंच्या नावाची फाईल. वर कुणाचं तरी आधार, खाली कुणाचा सातबारा. दुकानातल्या मुलाने प्रिंट काढायला सोपं जावं म्हणून पासवर्ड काढून ती परत सेव्ह केली होती. मी काकूंना तिथूनच फोन लावला आणि त्या मुलाला फाईल डिलीट करायला लावली, रिसायकल बिनमधूनसुद्धा. बिचाऱ्या काकूंना मी पासवर्ड सांगितला होता, पण फाईल कुठे उघडणार, हे विचारलंच नव्हतं.

आता तो प्रश्न मी आधी विचारते. घरी कॉम्प्युटर नाही, दुकानातून प्रिंट काढणार, असं उत्तर आलं की मेल पाठवतच नाही. ऑफिसातच प्रिंट काढते, पाकीट चिकटवते. परवा अशोक चौकातल्या एका आजोबांचं पाकीट संध्याकाळी घरी जाताना स्कूटीवरून देऊन आले, त्यांच्या हातात.