तगरीवरची शिंगवाली अळी: ओळखताना आणि सांभाळताना या चुका टाळा

फाल्गुन-चैत्रात तगरीला पाणी मिळत राहिलं की कोवळी पालवी फुटते, आणि एका सकाळी शेंड्याची पानं गायब झालेली दिसतात. कुंडीखाली फरशीवर जाड, गडद लेंड्या पडलेल्या असतात. वर नीट पाहिलं तर पानाच्या खालच्या बाजूला सात-आठ सेंटिमीटर लांबीची गुबगुबीत हिरवी अळी चिकटलेली सापडते. ही ओलिएंडर हॉक मॉथ नावाच्या पतंगाची अळी. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. पावसाळ्यात ती जास्त दिसते, पण पाणी घातलेल्या बागेत इतर वेळीही येते.

पहिली चूक घाबरण्याची. अळीच्या पुढच्या भागावर काळ्या कडेचे दोन निळसर-पांढरे डोळे दिसतात आणि शेपटीला पिवळसर शिंग असतं. ते डोळे नुसते ठिपके आहेत. धोका वाटला की अळी खरं डोकं आत ओढून घेते आणि ठिपके फुगवून दाखवते. शिंगही मऊ असतं, त्यात काटा नाही की विष नाही. अंगावर केस नसल्यामुळे खाजही येत नाही. केसाळ अळ्यांपासून मात्र लांबच राहा, ती वेगळी मंडळी. जपायचं असेल तर ते झाडापासून: ही अळी कण्हेरीवरही येते, आणि कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात. पानं तोडली, चीक लागला की हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना फांद्या हाताळू देऊ नका.

दुसरी चूक म्हणजे फोटो बघून नाव ठरवणं. आधी झाड बघा, मग अळी. तगर, कण्हेर, सदाफुली किंवा सातवीण असेल तर संशय रास्त आहे. तेरड्यावर ओळीने डोळ्यांसारखे ठिपके असलेली काळपट अळी असेल, तर ती दुसऱ्या हॉक मॉथची. अनंतावर हिरवी शिंगवाली अळी दिसली तर तिचा पतंग पारदर्शक पंखांचा निघतो आणि भर दिवसा उडतो. खरा घोळ कण्हेरीवर होतो, कारण तिथे कॉमन क्रो या फुलपाखराच्या अळ्याही असतात. त्यांच्या पाठीवर लांब काळ्या तंतूंच्या चार जोड्या असतात आणि त्यांचा चकचकीत सोनेरी-रुपेरी कोष पानाखाली लटकतो. आपल्या पतंगाचा कोष कधीच असा लटकत नाही. आणि कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळ्या किड्यांची दाटी असेल तर तो मावा. तो रस शोषतो, पानं कुरतडत नाही.

लहान अळी ओळखताना आणखी गोंधळ होतो. मादी फिकट हिरवी, गोलसर अंडी कोवळ्या पानांवर एकेक करून घालते. उबदार हवेत ती काही दिवसांत फुटतात. नुकत्याच निघालेल्या अळीवर ते मोठे डोळे नसतात आणि शिंग बारीक, लांब, काळं असतं. कात टाकत टाकत ती दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वाढते.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो यानंतर. पूर्ण वाढलेली अळी एका दिवसात रंग बदलते. हिरवी पाठ काळपट तपकिरी होते, खाणं थांबतं, ती झाडावरून उतरून जमिनीवर भटकायला लागते. अळी आजारी पडली असं समजून कुणी ती फेकून देतं, कुणी मायेने उचलून पुन्हा पानावर ठेवतं. दोन्ही चूक. तिला कोषात जायचं असतं आणि त्यासाठी ती पालापाचोळ्यात जागा शोधत असते. मुलांना दाखवायला अळी पाळली असेल तर या वेळी डब्यात भुसभुशीत, किंचित ओलसर माती आणि वर वाळकी पानं हवीत. घट्ट झाकणाच्या बरणीत वाफ धरते आणि बुरशी येते. अन्नही ज्या झाडावर ती सापडली त्याचंच द्या. कोबीच्या पानावर ती उपाशी मरेल.

कोष फिकट तपकिरी असतो, बाजूंना काळे ठिपके. हात लावल्यावर तो वळवळतो, त्यात काही बिघडलेलं नाही. साधारण दोन आठवड्यांत पतंग निघतो, थंडीत वेळ लागतो. डब्यात एक खरबरीत काडी उभी ठेवा. पतंगाला तिच्यावर चढून, लटकून पंख पसरावे लागतात. जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात. कोष सोलून त्याला मदत करायला जाऊ नका.

बाहेर आलेला पतंग पाहिला की वाढवल्याचं सार्थक होतं. पंखांचा विस्तार ९ ते ११ सेंटिमीटर, हिरव्या रंगात गुलाबी आणि पांढरट वळणं. दिवसा तो शेवाळी भिंतीवर बसला तर शोधूनही सापडत नाही. संध्याकाळी फुलांसमोर हवेत एका जागी थांबून मध पितो, आणि मग कुणीतरी ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड’ म्हणून व्हिडिओ फिरवतं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात.

राहिली फवारणी. घरच्या दोन-चार तगरींसाठी कीटकनाशक काढणं मला अतिरेकी वाटतं. ते या अळ्या टिपणाऱ्या गांधीलमाश्यांनाही मारतं. ताज्या लेंड्या जिथे पडल्या आहेत त्याच्या बरोबर वरची फांदी उलटून पाहा, अळी तिथेच असते. झाड मोठं असेल तर राहू द्या, ओरबाडलेली तगर काही आठवड्यांत पुन्हा पालवते. कुंडीतलं रोप लहान असेल तर अळी उचलून मोठ्या तगरीवर नेऊन सोडा.