विद्यार्थ्यांच्या प्रेमकथेचा ट्रेलर: शूटिंगआधीच होणाऱ्या या चुका टाळा

कॉलेजच्या प्रकल्पासाठी ट्रेलर करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कॅमेरा कोणाचा, हिरो कोण आणि गाणं कुठलं, हे ठरतं. सिनेमा कुठला, हे मात्र ठरायचं राहून जातं. ट्रेलर पाहणाऱ्याला यामागे दोन तासांचा सिनेमा आहे असं वाटायला हवं आणि तो सिनेमा तर कोणी काढलेलाच नसतो. तो कागदावर उभा करावा लागतो. पुढच्या बहुतेक चुका हे काम टाळल्यामुळे होतात.

गोष्टीआधी शॉट ठरवणं

पावसात भिजणं, बाइकवरून फिरणं, तळ्याकाठी बसणं, ही यादी कुठल्याही प्रेमकथेला चालते आणि म्हणूनच कुठल्याच प्रेमकथेची होत नाही. आधी संपूर्ण सिनेमा शेवटासकट एका पानात लिहा. मिरजेचं उदाहरण घेऊ. तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातला मुलगा आणि तंबोरा दुरुस्तीला आणणारी, गाणं शिकणारी मुलगी. तिला गुरूंकडे राहून शिकायला पुण्याला जायचंय. त्याच्या वडिलांचा हात थरथरायला लागलाय, त्यामुळे दुकान सोडणं त्याला शक्य नाही.

आता अडथळा डोळ्यांना दिसेल असा शोधा. जवारी लावताना, म्हणजे तंबोऱ्याचा नाद जुळवताना, घोडीवर (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर) तारेखाली सुती दोरा सरकवतात. तो केसभर इकडे-तिकडे झाला तरी नाद बदलतो. वडिलांच्या बोटांना तो दोरा सापडत नाही आणि मुलगा न बोलता तो आपल्या हातात घेतो. हा तीन सेकंदांचा क्लोजअप ‘मी येऊ शकत नाही’ या संवादापेक्षा जास्त सांगतो. असा शॉट पंचविसाव्या सेकंदाच्या आसपास यायला हवा. त्याआधी अडथळा आला तर दोघांची ओढ पटत नाही आणि फार उशिरा आला तर ट्रेलर गाण्याच्या व्हिडिओसारखा वाटतो. सिनेमाचा शेवटचा एक तृतीयांश भाग ट्रेलरमध्ये घेऊच नका.

ट्रेलर नुसते पाहणं

दहा ट्रेलर पाहून ‘भावनिक संगीत वापरतात’ एवढंच लिहिलं, तर ते संशोधन झालं नाही. पाचच निवडा, त्यातले किमान दोन मराठी असू द्या. प्रत्येकाचा तक्ता करा: वेळ, शॉट, आवाज, पडद्यावरचा मजकूर. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे जाता येतं, स्वल्पविरामाने मागे. आवाजाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पात्र बोलत असताना तेच पात्र पडद्यावर किती वेळा दिसतं, हे मोजा. बरेचदा वाक्य एका प्रसंगातलं असतं आणि चित्र दुसऱ्याच. हे लक्षात आलं की संवाद शांत खोलीत वेगळे रेकॉर्ड करता येतात आणि अर्धी डोकेदुखी संपते.

व्यावसायिक ट्रेलर साधारण दोन ते अडीच मिनिटांचे असतात. विद्यार्थ्यांनी दीड मिनिटावर थांबावं. पहिली 25 सेकंदं ओळख आणि जवळीक, शॉट अडीच-तीन सेकंदांचे, म्हणजे नऊ-दहा. पुढची 35 सेकंदं अडथळा, दोन सेकंदांचे सतरा शॉट. त्यापुढे 25 सेकंदं ताण वाढत जाणारे एकेका सेकंदाचे तुकडे, आणि शेवटी पाच सेकंदं नाव. एकूण पन्नासच्या वर शॉट होतात. बहुतेक गट वीस-पंचवीस शॉट लिहून शूटिंगला जातात आणि मग एडिटिंगला बसल्यावर प्रत्येक शॉट ताणत बसतात.

सगळं एकाच दिवसात घडल्यासारखं दिसणं

ही सर्वांत घातक चूक. प्रेमकथा महिनोन्‌महिने चालते, शूटिंग मात्र दोन दिवसांत उरकतं. दोघे सगळीकडे त्याच कपड्यांत, त्याच उन्हात दिसले की दोन तासांचा सिनेमा तिथेच कोसळतो. प्रत्येक मुख्य पात्राला किमान चार पोशाख, दोन तऱ्हेची केशरचना आणि एखादी बदलत जाणारी वस्तू द्या. आपल्या गोष्टीत ती वस्तू आयतीच आहे: भोपळा, मग अर्धवट सांधलेला तंबोरा, मग पॉलिश झालेला आणि शेवटी गवसणीत घातलेला. चार शॉटमध्ये काही महिने उलटल्याचं कळतं. वाद्य घडताना दाखवायला वेगवेगळ्या टप्प्यांवरची तीन-चार वाद्यं एकाच दुकानात मिळू शकतात, म्हणून रेकीला (शूटिंगआधी जागा पाहायला जाल तेव्हा) कारागिरांशी नीट बोला आणि त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळा.

दुय्यम पात्रंही हवीत. वडील, तिची मैत्रीण, गुरू अशा तिघांचा प्रत्येकी दोन-दोन सेकंदांचा चेहराही सिनेमा मोठा करतो. वडिलांच्या भूमिकेत वर्गमित्राला पांढऱ्या मिशा लावू नका, खऱ्या वयाचा माणूस शोधा.

शूटिंगचा क्रम जागेनुसार लावा आणि प्रत्येक शॉटपुढे पोशाखाचा क्रमांक लिहा. तो नसला की दुपारपर्यंत कोणाला काही आठवत नाही.

रेकी चुकीच्या वेळी करणं

रविवारी सकाळी शांत असलेली गल्ली मंगळवारी संध्याकाळी हॉर्नने भरते. ज्या वारी, ज्या वेळी शूटिंग आहे, त्याच वेळी जा आणि फोनवर दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. मऊ उजेड हवा असेल तर पाचला सगळे तयार हवेत. रेल्वे स्थानकावर लेखी परवानगीशिवाय शूटिंगचा बेत आखू नका. निरोपाचा प्रसंग रिकामी खोली आणि दुरून येणारी गाडीची शिटी यांवरही उभा राहतो.

कलाकारांशी जवळिकीच्या प्रसंगांबद्दल आधीच, दोघांना वेगवेगळं भेटून बोला: हात धरणं चालेल का, मिठी चालेल का. जे ठरेल ते शॉटच्या यादीत लिहा आणि सेटवर त्यात वाढ करू नका. कलाकार अठराच्या आतले असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

संगीत शेवटी शोधणं

सिनेमातलं गाणं लावलं की यूट्यूबवर हक्काचा दावा येतो, कधी व्हिडिओच अडवला जातो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायला खुलं असलेलं संगीत घेतानाही परवाना वाचा. ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ (त्यावरून नवी कृती करायला मनाई) असलेला तुकडा व्हिडिओला जोडता येत नाही. या गोष्टीत तर तंबोराच संगीत आहे. सुरात लागलेला तंबोरा पहिल्या भागाला, एक तार किंचित उतरवलेला दुसऱ्या भागाला आणि ताणाच्या जागी पूर्ण शांतता. वाजवणाऱ्याची लेखी परवानगी घेतली की काम झालं.

ट्यूबलाइटची थरथर

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, फोन मात्र बहुधा 30 एफपीएसवर (सेकंदाला 30 फ्रेमवर) असतो, त्यामुळे जुन्या ट्यूबखाली पट्टे हलताना दिसतात. 25 एफपीएस आणि शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवा. आयफोनमध्ये त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून पाल (PAL) फॉरमॅट सुरू करावा लागतो.

अक्षरं तुटणं

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रेम’चं ‘प् रेम’ झालेलं अनेकदा दिसतं. अडोबी प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स सेटिंगमधलं दक्षिण आशियाई मजकूर इंजिन निवडा. तरीही जमलं नाही तर शीर्षक दुसरीकडे बनवून पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र म्हणून आणा. मजकूर दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ पडद्यावर राहू द्या.

फोटोंचा ट्रेलर न करणं

शूटिंगच्या आठवडाभर आधी प्रत्येक शॉटचा फोनवर एक फोटो काढा, मित्रांनाच उभं करा. तात्पुरता आवाज लावून दीड मिनिटाची जुळणी करा आणि गोष्ट माहीत नसलेल्या पाच जणांना दाखवा. ‘आवडलं का?’ विचारू नका, ओळखीचे लोक हो म्हणतातच. ‘काय गोष्ट आहे आणि त्यांना काय अडवतंय?’ असं विचारा. तिघांना अडथळा सांगता आला नाही तर दुसऱ्या भागाचे शॉट पुन्हा लिहा. कोणी शेवट अचूक सांगितला तर तो कुठल्या फोटोवरून कळला ते विचारून घ्या आणि तो शॉट यादीतून काढा.