वैशाखातली केळी: व्हॉल्व्हवरचा हात आवरा

एप्रिल सरत आला की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे सकाळी अकरानंतर बागेत पाऊल टाकवत नाही. पारा 44-45 वर, पश्चिमेची झळ सुरू, आणि केळीची पानं कडेनं करपलेली. हात आपोआप ठिबकच्या व्हॉल्व्हकडे जातो. मृग लागेपर्यंत तो जरा आवरा.

दोन वर्षांपूर्वी मी आवरला नव्हता. चार दिवस ठिबक जवळजवळ बंदच केलं नाही. पानं तरी दुपारी मिटलेलीच. पाचव्या दिवशी खुंटाजवळ कुदळ मारली तर माती शेणासारखी लिबलिबीत, मुळ्या काळ्या. बोटांत धरली की साल सुटून हातात. पाणी भरपूर होतं, मुळांना हवा नव्हती.

थरच्या वाळवंटात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. सतलज-बियासच्या संगमाजवळ हरिकेहून पाणी घेणाऱ्या इंदिरा गांधी कालव्यानं तिकडचं रान हिरवं केलं. पण हनुमानगढकडे काही भागात खाली कठीण थर, वर भरमसाट पाणी आणि निचरा नाही. पाणी वर आलं, मागोमाग क्षार आले, शेतं गेली. तिथले लोक याला 'सेम' म्हणतात. त्याच वाळवंटात जैसलमेरकडे पाऊस 200 मिलिमीटरच्या आसपास, तरी उताराला मातीचा बांध घालून, म्हणजे खडीन करून, अडवलेल्या ओलीवर गहू-हरभरा निघतो. आपल्याकडे पाऊस त्याच्या तिपटीहून जास्त पडतो.

वाढलेल्या झाडाला या दिवसांत रोज 18 ते 20 लिटर पुरतं. झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर असतील तर हे अडीच तासांचं काम. ते एका दमात उरकू नका; सव्वा तास पहाटे, सव्वा तास संध्याकाळी. लाइट रात्रीची असेल तर रात्रीच दोन फेऱ्या करा. भारी काळ्या जमिनीत याहून कमी लागतं, मुरमाड जमिनीत फेऱ्या वाढवा. खात्री करायची तर वीतभर खालची माती मुठीत दाबा: गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. हे एकाच नव्हे, दोन-चार ठिकाणी पाहा, कारण लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, शेवटच्या झाडाची गोष्ट वेगळी असते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर दिसेल. लॅटरलची टोकं सोडून आठवड्याला एकदा धुवा.

जादा पाण्याइतकाच शत्रू वारा. पश्चिम-दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवत नसेल तर आत्ता हिरवी जाळी बांधा, नाहीतर तुऱ्हाट्या किंवा कडब्याचा आडोसा करा. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, मात्र उभ्या करू नका, त्यात गुलाबी बोंडअळीचे कोष असतात. पुढच्या कपाशीला आपणच आवतण दिल्यासारखं होईल. मृगबागेतले, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीचे, घड आणि दांडे वाळल्या पानांनी झाका. कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराची लागवड, निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या, तोंडावर आहे, तिला ताण पडू देऊ नका. पानांवर केओलिन, म्हणजे पांढऱ्या मातीची भुकटी, मारायचं तर 10 लिटरला 800 ग्रॅम, तेही सकाळी लवकर.

आता जरा पुढचं. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत पाणी गावाचं असायचं. बंधाऱ्यातून पाट निघे, पाटकरी पाळीनं पाणी देई, आणि पाणी घटलं की अख्खा एक फड, म्हणजे शेतांचा एक गट, पडीक ठेवायचा निर्णय सगळ्यांचा. आपण तापीकाठी मात्र शेजाऱ्यापेक्षा दहा फूट खोल बोअर नेण्यात भूषण मानतो. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, तिथं पाणी झपाट्यानं मुरतं. तिथल्या नाल्यातला गाळ मे संपायच्या आत काढून घ्या. ट्रॅक्टर एकट्याला परवडत नाही, चार बांधांनी मिळून सांगा. बंद पडलेल्या बोअरमध्ये नाल्याचं पाणी सोडणार असाल तर आधी गोटे, खडी, वाळूचा गाळणखड्डा करा. गढूळ पाणी थेट सोडलं तर पहिल्याच पावसात बोअर बुजेल.