कडी लावायची कशी आणि उघडायची कुणाला

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घराचे दार सकाळी दूध घ्यायला उघडत असे आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावरच त्याला कडी लागत असे. मधल्या वेळात दारावर फक्त एक पडदा असे, आणि उंबरठ्याबाहेरच्या चपला पाहून घरात कोण कोण आहे हे येणाऱ्याला कळत असे. दार उघडे असले तरी त्याला राखण होती. समोरच्या गॅलरीत गहू निवडत बसलेल्या आजी, जिन्याखालचा इस्त्रीवाला आणि शाळेतून लवकर सुटलेली मुले यांच्यापैकी कुणाच्या तरी "कोण हवंय?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय अनोळखी माणूस दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचत नसे. घोडबंदर रस्त्यावर राहायला आल्यावर आम्हाला दोन दारे, तीन कुलुपे, इंटरकॉम आणि मोबाइलमधले ॲप मिळाले. तो प्रश्न विचारणारे मात्र कुणी उरले नाही. घराच्या सुरक्षेची आखणी या उणिवेपासून करावी आणि कुलपांच्या दुकानात नंतर जावे, असे माझे मत आहे.

सर्वांत आधी दार ओढून घेणे आणि दार लावणे यांतला फरक घरातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडला पाहिजे. वारा यावा म्हणून लाकडी दार उघडे ठेवून सेफ्टी डोअर नुसते लोटून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते बंद वाटते म्हणून आपणही निश्चिंत राहतो. पहाटे कुणी फिरायला गेलेले असते, कुणी दुधाची पिशवी आत घेऊन दार तसेच सोडलेले असते, आणि दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेला मोबाइल उचलून नेण्यास अर्धे मिनिटही पुष्कळ होते. अशा चोरीत काही फोडलेले नसते, आणि त्याचे परिणाम पुढे कागदावर दिसतात. भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरीला कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी हा किरकोळ गुन्हा नव्हे. परंतु घरफोडीच्या विम्याच्या अनेक पॉलिसींत बळजबरीने आत शिरल्याची खूण दाखवावी लागते, आणि लोटलेल्या दारातून गेलेल्या वस्तूंचा दावा तिथेच अडकतो. आपली पॉलिसी काढून ही अट एकदा वाचावी.

सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात घालून आतली खिट्टी काढता येते का, हे स्वतः बाहेर उभे राहून पाहावे. आमच्याकडे माझी अकरा वर्षांची भाची ते सहज करून दाखवत होती. खिट्टीभोवती वीतभर बारीक जाळी किंवा ॲक्रिलिकचा तुकडा स्क्रूने बसवला की ही वाट बंद होते. हे काम सुतार तासाभरात करून देतो.

आता बेल वाजल्यानंतरचे. आगाऊ न कळवता येणाऱ्यांचे दोन प्रकार असतात, आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच घरोघरी भांडणे होतात. पहिला प्रकार कामाचे नाव सांगून येणाऱ्या अनोळखी माणसांचा. गॅसची नळी तपासायची आहे, मीटर पाहायचा आहे, पाण्याची टाकी धुण्याचे नमुने दाखवायचे आहेत, अशी कारणे खरीही असतात, आणि म्हणूनच ती खोट्या माणसालाही उपयोगी पडतात. अशा वेळी सेफ्टी डोअर बंद ठेवूनच बोलावे, ओळखपत्र जाळीजवळ धरायला सांगावे, आणि खात्री करण्यासाठी फोन करायचा तर तो आपल्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर करावा. समोरच्याने "साहेबांशी बोला" म्हणून पुढे केलेल्या फोनवर बोलू नये, कारण तो साहेबही त्याचाच असू शकतो. खरा कर्मचारी पाच मिनिटे थांबतो किंवा दुपारी येतो म्हणून निघून जातो. घाई करणे, आवाज चढवणे किंवा "आता नाही दाखवलंत तर कनेक्शन तुटेल" असा दम देणे, ही दार न उघडण्याची पुरेशी कारणे आहेत.

दोन जुन्या क्लृप्त्या वयस्कर मंडळींना नावानिशी सांगून ठेवाव्यात. तांब्यापितळेची भांडी चकचकीत करून दाखवणारा माणूस थोड्या वेळाने बांगड्यांना पॉलिश करून देतो म्हणतो, आणि हळदीच्या पाण्यात डबा उकळायला ठेवून निघून जातो. डबा गार होऊन उघडेपर्यंत तो कुठल्या कुठे पोहोचलेला असतो. दुसऱ्यात पोलीस असल्याचे सांगणारे दोघे "पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून कागदात बांधून ठेवा" असे सांगतात आणि पुडी बदलतात. मंगळसूत्र कागदात बांधायला सांगणे हे पोलिसांचे काम नाही, एवढे एक वाक्य आईला पाठ असले तरी पुरे. शंका आली तर ११२ हा क्रमांक लावावा. त्यासाठी मोठे काही घडायची वाट पाहू नये.

गेटवरच्या ॲपने एक नवी ढिलाई आणली आहे. फोन थरथरतो, आपण मालिकेवरची नजर न काढता "मंजूर" दाबतो, आणि वॉचमनच्या दृष्टीने ती व्यक्ती आपल्या जबाबदारीवर आत आलेली असते. आपण काहीच मागवलेले नसताना विचारणा आली तर ती मंजूर करू नये आणि इंटरकॉमवरून गेटशी बोलावे. मुलांच्या फोनवर ही परवानगी ठेवू नये. ज्या एजन्सीचे रक्षक गेटवर उभे असतात तिच्याकडे खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ नुसार परवाना असावा लागतो. तो परवाना सोसायटीच्या समितीने डोळ्यांनी पाहिला आहे का, हे सर्वसाधारण सभेत विचारण्यासारखे आहे, आणि सहसा कुणी विचारत नाही.

दुसरा प्रकार आपल्या माणसांचा, आणि तो जास्त नाजूक आहे. माझे मामा डोंबिवलीला राहतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ठाण्याला बँकेचे काम निघाले की "सहज डोकावलो" म्हणत येण्याची त्यांची रीत होती. नव्या गेटवर रक्षकाने त्यांचा फोटो काढला, नाव दोनदा विचारले आणि मी आंघोळीला गेलेली असल्यामुळे त्यांना पंधरा मिनिटे खुर्चीशिवाय उभे ठेवले. वर आल्यावर ते पाणीही न पिता म्हणाले, "अगं, मला चोर समजला काय तो?" बंद दाराचा त्यांना राग नव्हता, गेटवर अनोळखी ठरण्याचा होता. तेव्हापासून जवळच्या नातेवाइकांची नावे मी ॲपमधल्या नेहमीच्या पाहुण्यांत घालून ठेवली आहेत. ज्यांना मोबाइलशी झटापट जमत नाही त्यांच्यासाठी गेटवर नाव आणि नाते लिहून दिले आहे. मामांना "येण्याआधी फोन करत जा" असे सांगितले असते तर ते आलेच नसते. त्याऐवजी "स्टेशनवर उतरलात की कळवा, चहा टाकून खाली येते" असे सांगितले, आणि ते नेमाने कळवतात. पूर्वी पाहुण्याला निरोप द्यायला आपण नाक्यापर्यंत जात होतो. आता आणायला गेटपर्यंत जाणे हीच त्याची भरपाई आहे. हळदीकुंकू आणि गणपतीच्या दिवसांत, जेव्हा दर पाच मिनिटांनी बेल वाजते आणि दार उघडेच ठेवावे लागते, तेव्हा दिवाणखान्यात एकाने बसून राहावे आणि आतल्या खोल्यांची दारे लावून घ्यावीत. पर्स आणि फोन कपाटात जावेत.

कुलपाकडे येऊ. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून आपण कुलूप भक्कम आहे का एवढेच विचारत आलो आहोत; पण कुलूप ज्या चौकटीत शिरते तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. चौकटीवरची पत्र्याची पट्टी बहुधा अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंनी धरलेली असते आणि एका लाथेत ती लाकडासकट निघते. तिथे चौकट ओलांडून भिंतीत जातील असे अडीच-तीन इंचांचे स्क्रू लावावेत. साऱ्या खर्चांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे. नाइट लॅचची जीभ तिरपी असते, त्यामुळे दार नुसते ओढले तर ती पातळ कडक पट्टीने मागे सरकवता येऊ शकते. बाहेर जाताना किल्ली फिरवून चौकोनी बोल्ट पुढे गेल्याची खात्री करावी. बाहेरून कडी-कोयंडा असेल तर त्याच्या स्क्रूंची डोकी दिसता कामा नयेत, किंवा आरपार बोल्ट घालून नट आतून आवळावेत.

नवा फ्लॅट ताब्यात आल्यावर, जुना विकत घेतल्यावर किंवा भाडेकरू बदलल्यावर कुलूप बदलणे आवश्यक आहे, कारण सुतार, रंगारी आणि दलाल यांच्या हातांतून किल्ली कितीदा गेली हे कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक नव्या दारांत पूर्ण कुलूप बदलावे लागत नाही. दाराच्या जाडीच्या बाजूला असलेला एक लांब स्क्रू काढून, किल्ली किंचित फिरवली की सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात शिरते तो कुलपाचा भाग, बाहेर येतो; तोच नमुना हार्डवेअरच्या दुकानात नेऊन त्याच लांबीचा नवा आणावा. सिलिंडर दाराबाहेर फार डोकावणारा नसावा, कारण पुढे आलेला भाग पकडीत धरून तोडता येतो. बोटांच्या ठशांचे डिजिटल कुलूप घेतले असेल तर त्याची साधी किल्ली घराबाहेर ठेवावी. ती घरातल्या कपाटात ठेवणारे मला तीन जण ठाऊक आहेत.

सुरक्षेचा अतिरेक आगीच्या वेळी उलटतो. खिडक्यांना बाहेर काढलेल्या पिंजऱ्यासारख्या ग्रिल ठाणे आणि वाशीच्या इमारतींत मजलोमजली दिसतात, आणि त्यांतल्या पुष्कळ ग्रिलना उघडणारा झडपाच नसतो. निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारा झडपा असावा, त्याची किल्ली आतल्या बाजूला, खिडकीपासून हात पोहोचेल अशा ठरलेल्या खिळ्यावर असावी, आणि ती अंधारात काढण्याचा सराव घरातल्या सर्वांनी एकदा करावा. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१ आहे.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची घरे आठ-दहा दिवस बंद राहतात आणि बाहेर लोंबणारे मोठे कुलूप ते सगळ्यांना सांगते. शक्य असेल तर दाराच्या आत बसलेले कुलूपच वापरावे. दूध आणि वर्तमानपत्र आदल्या दिवशी बंद करावे आणि प्रवासाचे फोटो परत आल्यावर लावावेत. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवताना इतके लक्षात असावे की, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार लॉकरमधून चोरी झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. दागिन्यांची किंमत त्याहून जास्त असेल तर वेगळा विमा लागतो. आणि चोरी झालेलीच असेल तर काही न हलवता ११२ लावावा. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक *#०६# दाबून आजच वहीत लिहून ठेवावा, कारण संचार साथी संकेतस्थळावर चोरीचा फोन बंद करताना तो विचारतात.

राहिली दुसरी किल्ली. पलीकडच्या विंगमध्ये घरफोडी झाल्याचे कळल्यावर मी घाबरून समोरच्या काकूंकडे ठेवलेली किल्ली परत आणली होती. महिन्याभराने एका रविवारी सकाळी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेले, वाऱ्याने दार आपटले आणि लॅच पडले. आत गॅसवर दोन लिटर दूध होते. किल्लीवाला यायला चाळीस मिनिटे लागली. तोवर काकूंच्या दारात बसून मी दाराच्या फटीतून येणारा करपट वास घेत होते आणि त्या, काही न बोलता, माझ्यासाठी चहा गाळत होत्या.

सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सात-सात घरे एकेका अंगणाभोवती मांडली, त्यामुळे प्रत्येक घराची नजर मधल्या अंगणावर राहते. टॉवरमध्ये असे अंगण मिळत नाही. मजल्यावरच्या चार दारांनाच ते काम करायला लावावे लागते. त्यासाठी शेजाऱ्यांचे फोन क्रमांक घ्यावेत, कामाला येणाऱ्या मावशींची वेळ एकमेकांना माहीत असावी, आपल्या दारावरचा कॅमेरा समोरच्यांच्या घरात डोकावत नाही ना हे त्यांना बोलावून दाखवावे, आणि किल्ली अशा एका घरी ठेवावी जिथे दिवसा कुणीतरी असते. तिच्यावर फ्लॅटचा क्रमांक लिहू नये. काकूंकडे परत गेलेल्या आमच्या किल्लीला लाल लोकर गुंडाळली आहे, आणि ती त्यांच्या डाळीच्या डब्यांमागे, मोहरीच्या बरणीत असते.