गावातला जुना रायवळ आंबा वाचवायचाय? मग हे वाचा

रस्ता रुंद झाला किंवा भावाभावांत वाटणी झाली की पहिली कुऱ्हाड पडते ती बांधावरच्या रायवळावर, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्यावर, आणि मग मे महिन्यात ग्रुपवर फोटो येतात की आमचा शेंदऱ्या गेला, खोबऱ्या गेला. झाड वाचवणं दरवेळी आपल्या हातात नसतं पण जात वाचवणं नक्की असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, कोय लावून जात टिकत नाही. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांची कोय लावली तर जे झाड येतं ते त्या झाडाचं पोर असतं, तेच झाड नव्हे, चव वेगळी निघू शकते. आणि धान्यासारखं बी सुकवून थंडगार पेटीत ठेवू म्हणाल तर तेही जमत नाही, कोय सुकली की मरते, त्यामुळे जगभरचं बियाणं थंडीत जपणाऱ्या नॉर्वेतल्या प्रसिद्ध तिजोरीचा आंब्याला काही उपयोग नाही. आंबा टिकतो तो जिवंत झाड म्हणूनच, कलम करून, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी.

हेच काम भारत, इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड या चार देशांनी साधारण 2009 पासून पाचेक वर्षं एकत्र मिळून केलं. आंबा, लिंबूवर्गीय फळं, रामबुतान आणि मँगोस्टीन ही तिकडची फळं आणि त्यांचे रानातले भाऊबंद असा विषय होता, आणि भारतातल्या जागांत उत्तर प्रदेशातलं मलिहाबाद, आंध्रातलं चित्तूर, कर्नाटकातलं शिरसी आणि संत्र्यासाठी आपली अमरावती पण होती. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवात शास्त्रज्ञांच्या बागेपासून न करता ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जुनी झाडं राखली त्यांच्यापासून केली. शिरसीकडचा अप्पेमिडी घ्या, लोणच्याची कोवळी कैरी, नदीकाठच्या रानझाडांवरची, एखाद्या झाडाच्या कैरीला चक्क जिऱ्याचा वास. कैऱ्यांसाठी लोक फांद्याच तोडायचे आणि झाडं कमी होत चालली होती, पण तिथल्या शेतकऱ्यांनी चांगली झाडं हेरून त्यांची कलमं बांधली, आता ती लोकांच्या बागेत आहेत. तिकडे बोर्निओत कस्तुरी नावाचा छोटा काळपट आंबा रानातून पार संपलाय, आज तो आहे तो फक्त लोकांच्या परसात. म्हणजे परस किती महत्त्वाचं ते बघा.

आता करायचं काय.

आधी झाडाची ओळख लिहून काढा. गावातल्या जाणत्या माणसाला घेऊन झाडापाशी जा, त्याचं नाव काय, कुणी लावलं, मोहोर कधी येतो, एक वर्षाआड धरतं का दरवर्षी, रसाचा का चोखायचा का लोणच्याचा, सगळं विचारा. पिकलेली आठ-दहा फळं घेऊन प्रत्येकाचं वजन, लांबी, सालीचा रंग, रेषा किती, कोय केवढी, आणि वास कशासारखा तेही लिहा, शेपूसारखा येत असेल तर तसंच लिहा. आंब्याचं वर्णन कसं करायचं याची एक आंतरराष्ट्रीय यादी 2006 साली निघालीय, त्याच पद्धतीने लिहिलं तर तुमच्या गावच्या आंब्याची तुलना थायलंडच्या आंब्याशीसुद्धा करता येते. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. मग ही माहिती ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे द्या, लोकजैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या, आणि नोंद झाली का ते स्वतः वही उघडून बघा.

मग कलम. हा भाग घाईत करू नका. कोकणात पावसाच्या सुरुवातीला कोय कलम करतात, त्यासाठी रायवळाच्या कोयी रुजवून घ्यायच्या आणि रोप पंधरा-वीस दिवसांचं, दांडा अजून तांबूस कोवळा असताना खालचा खुंट म्हणून वापरायचं. त्यावर बसवायची कलमकाडी जुन्या झाडाच्या उन्हाकडच्या फांदीची, तीन-चार महिन्यांची, मोहोर न आलेली, जाडीला खुंटाएवढी. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापून टाका, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो, कलम जगण्यात याचा फार मोठा वाटा आहे आणि लोक नेमकं हेच विसरतात. खुंट वरून छाटून मधोमध दीड-दोन इंच चीर, काडीला दोन्ही बाजूंनी तेवढीच पाचर, चीरेत बसवताना निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. सावलीत ठेवा, खुंटावर खालून फूट आली की लगेच खुडा. फार म्हातारं झाड असेल आणि नवी फूटच नसेल तर एक फांदी छाटून पालवी येऊ द्या, मग काडी घ्या. एकाच झाडाची भरपूर कलमं बांधा, सगळी जगत नाहीत.

जगलेली कलमं एकाच बागेत लावू नका. दोन आपल्याकडे, दोन दुसऱ्या गावातल्या पाहुण्यांकडे, शाळेच्या आवारात, आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला किंवा जवळच्या कृषी विद्यापीठाला विचारून बघा. लखनौजवळ रहमानखेड्याला केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेची मोठी आंबा बाग आहे, देशभरच्या शेकडो जाती तिथे झाडं म्हणून उभ्या आहेत.

हक्काचं पण बघा. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्काच्या 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपली जात स्वतःच्या नावावर नोंदवता येते, त्या कायद्याच्या दिल्लीतल्या प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, झाडांसाठी संरक्षण 18 वर्षांचं, शेतकऱ्याला नोंदणीची फी नाही. जुन्या जाती राखणाऱ्या शेतकऱ्यांना आणि गावांना हेच प्राधिकरण पुरस्कारही देतं.

आता परदेशात असलेल्यांसाठी, कारण हा प्रश्न हमखास येतो. कृपा करून बॅगेत काडी किंवा कोय घालून नेऊ नका. कोयीत भुंगा असतो, तो तिकडच्या बागांत सुटला तर नुकसान तिथल्या शेतकऱ्याचं, शिवाय भारतातून असं वाण बाहेर न्यायला परवानगी लागते, चेन्नईच्या जैवविविधता प्राधिकरणाची. सफरचंद, केळी, नारळ, लिंबूवर्गीय फळं पिकांच्या वाणांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत होती म्हणून त्यांची देवाणघेवाण ठरलेल्या अटींवर करता आली, 2001 च्या त्या यादीत आंबा नव्हताच, त्यामुळे आंब्याचं प्रत्येक वेळी वेगळं ठरवावं लागतं. मला हे खरंच खटकतं, कारण अमेरिकेत विकला जाणारा टॉमी ॲटकिन्स आंबा हा हेडन नावाच्या आंब्याच्या कोयीतून आलाय, आणि हेडन आला मुलगोबाच्या कोयीतून, जो मुलगोबा 1889 साली भारतातून फ्लोरिडाला गेला होता. तुम्हाला तिकडून मदत करायचीच असेल तर गावच्या नोंदवहीसाठी इंटरनेटवरचं काम करा, आंब्याच्या वर्णनाच्या त्या 2006 च्या यादीचा मराठी तक्ता करून द्या, कलमांच्या पिशव्या आणि कुंपणाचा खर्च उचला, आणि पुढच्या मेमध्ये गावी आलात तर फळं मोजायला बसा, काडीसाठी पानं कापायचं काम मग जूनमध्ये घरचे करतील.