कोलोरॅडोत पहिली हरणाची शिकार? दुसरी पसंती कोरी सोडू नका

कोलोरॅडोत हरणाच्या शिकारीचा परवाना मिळवायचा तर आधी अर्ज भरून सोडतीत नंबर लागावा लागतो. नवखे लोक पहिल्या पसंतीत शिकारीचा एखादा नावाजलेला विभाग टाकतात आणि पुढचे रकाने कोरे ठेवतात. पहिली पसंती हुकली तर प्राधान्य गुण मिळतो, म्हणजे पुढच्या सोडतींत नंबर लागायला मदत करणारा गुण. सध्याच्या नियमांत दुसऱ्या पसंतीचा परवाना लागला तरी तो गुण शाबूत राहतो. म्हणून तिथे कमी मागणीचा, पण भरपूर सरकारी जमीन असलेला विभाग भरा. मोठ्या शिंगांचा मोह पहिल्या वर्षी नकोच.

१९४९ किंवा त्यानंतरचा जन्म असेल, तर शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आधी काढा. रायफलच्या मोसमात टोपीसह ५०० चौरस इंच भडक नारिंगी कपडा अंगावर हवा. गुलाबीही चालतो, बरं का!